जपानला राहायला जाताना: भाच्याला सांगितलेल्या गोष्टी

अक्काचा धाकटा पुढच्या महिन्यात जपानला निघालाय. आयटीआय केलं, वाळूजला दोन वर्षं लेथवर काढली, जपानी भाषेची परीक्षा दोनदा दिली, आणि आता आयची प्रांतातल्या एका छोट्या कारखान्यात त्याला काम मिळालंय. मी त्याच भागात 2014 पासून राहतो, मशीनचे सुटे भाग बनवतो. सध्या सुट्टीवर गावी आलोय. आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. रोज दिवेलागणीला भाचा वही घेऊन ओसरीवर येतो आणि "मामा, काल कुठवर आलो होतो?" म्हणतो. दोन-तीन दिवसांनी शेजारच्या गावची दोन पोरं यायला लागली. मग निलंग्याची एक मुलगी आली, ती म्हाताऱ्या माणसांच्या सेवेच्या कामावर चाललीय. त्यांना जे सांगितलं ते इथं लिहून ठेवतो. मी निघालो तेव्हा हे सांगणारं कुणी भेटलं नाही, आणि पहिलं वर्ष मी फार एकटं काढलं.

पहिल्याच संध्याकाळी मी त्यांना एक गोष्ट वहीत लिहायला लावली. आपल्या गावात काही कळवावं लागत नाही. कुणाला ताप आला, कुणाची म्हैस व्याली, कुणाकडं पाहुणे उतरले, तासाभरात सगळ्या गल्लीला माहीत होतं. आपलं चुकलं तर म्हातारी माणसं रस्त्यात थांबवून बोलतात. जपानमध्ये तुमचं चुकलं तरी तोंडावर कुणी बोलत नाही, आणि तुमचं अडलं तरी आपणहून कुणी दार वाजवत नाही. सुरुवातीला मला वाटायचं, माणसं कोरडी आहेत. पुढं कळालं की दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या वेळात विचारल्याशिवाय शिरायचं नाही, ही त्यांची माणुसकीची रीत आहे. म्हणून तोंड आपण उघडायचं. आधी सांगायचं, आधी विचारायचं. घरमालक, शेजारी, साहेब, सरकार, सगळ्यांच्या बाबतीत हेच.

बॅग भरताना

येसर, म्हणजे आमटीत घालायचं आपलं भाजक्या मसाल्याचं पीठ, न्या. बाकी मसाले तिथल्या भारतीय दुकानांतून मिळतात, ज्वारीचं पीठसुद्धा टोकियोच्या दुकानांतून घरपोच मागवता येतं, पण येसर कुठंच मिळत नाही. काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी घरची न्या. ताजा कढीपत्ता, फळं, मांसाचा कुठलाही पदार्थ नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

औषधांकडं नीट लक्ष द्या. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं महिनाभराची चालतात, त्याहून जास्त न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते. सर्दी-खोकल्याच्या आपल्याकडच्या काही गोळ्या-औषधांत असे घटक असतात की ते तिथं ठरावीक प्रमाणापुढं चालत नाहीत. मेडिकलवाल्यानं दिलेली पिशवी तशीच बॅगेत टाकू नका. प्रत्येक औषधात काय आहे ते वाचून, जपानी नियमाशी ताडून मगच न्या.

मोजे चांगले आणि भरपूर घ्या. घरात, दवाखान्यात, कितीतरी हॉटेलांत आणि शाळांत बूट काढावे लागतात. चप्पल उंबऱ्याबाहेर काढायची आपली सवय इथं उपयोगी पडते. फक्त दोन गोष्टी वेगळ्या आहेत. काढलेले बूट टोक दाराकडं करून ठेवायचे, आणि संडासात तिथलीच सपाता घालायची, ती पायात ठेवून बाहेर यायचं नाही. चटईच्या खोलीत, म्हणजे तातामीवर, सपाताही काढायची.

निघण्याआधी आपल्या नावाचं एक काम करून ठेवा. आपल्याकडं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं तिपदरी असतं. जपानी फॉर्मवर दोनच रकाने असतात. त्यात आपलं नाव त्यांच्या काताकाना लिपीत लिहायचं म्हणजे जाधवचा जादाबु होतो, देशमुखचा देशुमुकु. एकदाच बसून ठरवा की तुमचं नाव कसं लिहायचं, वडिलांचं नाव कुठं बसवायचं, आणि ते कागदावर उतरवून पाकिटात ठेवा. मी बँकेत एक लिहिलं आणि कारखान्यात दुसरं सांगितलं. पहिला पगार खात्यात जमाच झाला नाही, नाव जुळत नाही म्हणून परत गेला. त्या महिन्यात मी भात आणि चटणीवर दिवस काढले.

पासपोर्ट आणि तिथं मिळणारं रहिवासी कार्ड कुणाकडंही ठेवायला देऊ नका, एजंटाकडं नाही, मालकाकडंही नाही. करार तुम्हाला वाचता येईल अशा भाषेत मागा. जमीन गहाण टाकून एजंटाला पैसे भरणारी पोरं आपल्या भागात आहेत, त्यांच्या घरी जाऊन मी बोललोय. पैसे भरण्याआधी पावती मागा. पावती द्यायला जो का-कू करतो त्याच्या दारातून उठून या.

पहिले चौदा दिवस

रहिवासी कार्ड मोठ्या विमानतळांवर उतरल्या उतरल्या हातात मिळतं. घर ठरलं की 14 दिवसांत नगरपालिकेच्या कार्यालयात, म्हणजे शियाकुशोत जाऊन पत्ता नोंदवायचा. कार्ड कायम अंगावर ठेवायचं, दुकानात दूध आणायला गेलात तरी. पत्ता बदलला की पुन्हा 14 दिवस, नोकरी बदलली की इमिग्रेशनला कळवायला 14 दिवस. पत्ता नोंदवला की बारा आकडी नंबर टपालानं येतो, त्याला माय नंबर म्हणतात, तो आपल्या आधारसारखा. आरोग्य विमा काढणं सक्तीचं आहे आणि ते फार चांगलं आहे. दवाखान्याच्या बिलातला 30 टक्के भाग आपण भरायचा, बाकीचा विम्यातून जातो. त्यामुळं दुखणं अंगावर काढू नका. आपल्याकडं पेरणीच्या दिवसांत माणूस ताप असतानाही शेतात जातो, तो हट्ट तिथं नेऊ नका.

घर मिळवताना मला त्रास झाला. तीन ठिकाणी मालकांनी परदेशी माणूस नको म्हणून सांगितलं. तेही मला थेट सांगितलं नाही. मध्यस्थ फोनवर बोलला, माझ्याकडं बघून मान खाली घातली आणि पुढच्या घराचा कागद काढला. ते लागतं मनाला. तुमच्याही वाट्याला येईल, तेव्हा एवढं लक्षात ठेवा की यूआर नावाची सरकारी पाठबळाची घरं असतात. तिथं जामीनदार लागत नाही आणि रेइकिन लागत नाही. रेइकिन म्हणजे मालकाला कृतज्ञता म्हणून द्यायची रक्कम, ती परत मिळत नाही. अनामत रकमेला शिकिकिन म्हणतात, ती घर सोडताना दुरुस्तीचा खर्च कापून परत येते. दोन्हीतला फरक सहीच्या आधी विचारून घ्या. घर बघायला गेलात की बांधकामाचं वर्षही विचारा. ते का, ते खाली सांगतो.

कचरा आणि शेजार

राहायला गेल्यावर दोन्ही बाजूंच्या, वरच्या आणि खालच्या घराची घंटी वाजवा. हातात एक छोटं टॉवेल किंवा बिस्किटांचा पुडा, स्वस्तातली वस्तू पुरते. नाव सांगा, कुठून आलो ते सांगा आणि "योरोशिकु ओनेगाइशिमासु" म्हणा, म्हणजे "सांभाळून घ्या". आपल्याकडं नवीन माणूस आला की गल्ली त्याच्या घरी जाते. तिथं नवीन माणसानं गल्लीकडं जायचं. मी हे केलं नव्हतं, मला माहीतच नव्हतं.

त्याचा परिणाम कचऱ्यावर दिसला. जळणारा कचरा, न जळणारा, प्लॅस्टिक, डबे, बाटल्या, कागद, सगळ्यांचे वार वेगळे, आणि ते गावागावात बदलतात. पाण्याच्या बाटलीचं झाकण काढायचं, वरचा कागद सोलायचा, बाटली विसळून दाबायची. कचरा त्याच दिवशी सकाळी आठच्या आत ठेवायचा, रात्री ठेवला तर कावळे पिशव्या फोडतात. मी आठवडाभर सगळं एकाच पिशवीत भरलं. पिशवी उचलली नाही, तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. मला वाचता आली नाही. तीन आठवडे असंच चाललं. कुणी एक शब्द बोललं नाही. मग एक दिवस दाराखालून पाकीट आलं, आत हातानं काढलेली चित्रं होती: मासळीचे काटे, बाटली, वर्तमानपत्र, आणि प्रत्येकासमोर वार. खालच्या मजल्यावरच्या आजींनी काढलेली होती. वय ऐंशीच्या पुढं. त्यांनी तीन आठवडे वाट पाहिली होती, कारण मला ओशाळं वाटू नये. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि येत होत्या तेवढ्या चार शब्दांत माफी मागितली. तेव्हापासून त्या माझ्या तिथल्या आजी आहेत.

त्यांना लातूर कळेना. उस्मानाबाद, नांदेड, काहीच कळेना. "अजान्ता" म्हटल्यावर चेहरा उजळला. अजिंठ्याची लेणी त्यांनी शाळेच्या पुस्तकात पाहिली होती. नारा शहराजवळ होर्यूजी नावाचं जुनं मंदिर आहे, तिथल्या भिंतीवरच्या बोधिसत्त्वांची चित्रं आपल्या पद्मपाणीच्या घराण्यातली वाटतात. ती चित्रं 1949 च्या आगीत फार खराब झाली, तरी त्यांच्या प्रतिकृती बघायला मिळतात. तुम्ही मराठवाड्याच्या कुठल्याही कोपऱ्यातले असा, ओळख सांगताना अजिंठ्यापासून सुरुवात करा. औशापासून अजिंठा लांब पडतो, पण जपानी माणसाच्या डोळ्यांपुढं आपला मुलूख उभा राहतो तो तिथूनच.

वस्तीचं एक मंडळ असतं, त्याला चोनाइकाइ म्हणतात. थोडी वर्गणी देऊन त्यात जा. वर्षातून काही वेळा सगळे मिळून गटारं आणि रस्ते झाडतात. त्या दिवशी तास-दोन तास तिथं उभं राहिलात की वर्षभर लोक नावानं हाक मारतात. वस्तीच्या जत्रेत देवाची पालखी खांद्यावर घेतात, तिला मिकोशी म्हणतात. मला पहिल्यांदा खांदा द्यायला बोलावलं ते अशाच झाडलोटीनंतर.

फोडणीचंही सांगतो. तिथली स्वयंपाकघरं लहान, भिंती पातळ. लसूण-मिरचीची फोडणी चार घरांत जाते. पंखा लावा, आणि आधी सांगा: आज माझ्याकडं जरा तिखट स्वयंपाक आहे, वास येईल. एवढं सांगितल्यावर माझ्याकडं कधी तक्रार आली नाही. उलट खालच्या आजी दर वेळी विचारतात, आज काय केलं.

खाणं

आमचं घर माळकरी. आबा पायी वारी करायचे. म्हणून हा विषय माझ्यासाठी सोपा नव्हता. जपानीत "निकु" म्हणजे मांस, पण मासा निकुत धरत नाहीत. "मांस नको" एवढंच म्हणालात तर मासळी ताटात येते. दिसत नाही तिथंही असते. त्यांच्या सूपचा, भाजीचा, नूडल्सच्या रश्शाचा आधार म्हणजे दाशी, आणि ती बहुतेक वेळा कात्सुओ नावाच्या वाळवलेल्या माशाची. म्हणून हे वाक्य पाठ करा: "निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ दाशि मो दामे देसु." मांस खात नाही, मासाही खात नाही, माशाची दाशीही चालत नाही. तयार करीच्या वड्यांत बऱ्याचदा गाई-डुकराची चरबी असते, काही पावांतही असते. सुरुवातीला फोनचा कॅमेरा पाकिटावर धरून भाषांतर वाचायचं, महिना-दोन महिन्यांत ती चित्राक्षरं डोळ्यांना ओळखू येतात. कोम्बु म्हणजे समुद्री शेवाळ, त्याची दाशी घरी करता येते आणि चांगली लागते.

आता खरी गोष्ट. आमच्या घरी दरवर्षी सोयाबीन होतं. लातूरच्या आडतीवर नेऊन घालतो, भावाकडं डोळे लावून बसतो, आणि घरात एक दाणा खात नाही. मी तिथं गेलो आणि पाहिलं की ज्या पिकावर आपली वर्षं जातात त्याच्यावर त्यांचं रोजचं ताट उभं आहे. तोफू, म्हणजे सोयाच्या दुधाचं पनीर, त्याचं. मिसो, म्हणजे आंबवून मुरवलेलं वाटण, त्याचं, आणि आमच्या आयचीतल्या ओकाझाकीचं काळपट हात्चो मिसो तर देवदारासारख्या लाकडाच्या मोठ्या पिंपांत, वर दगड रचून, दोन वर्षं आणि त्याहून जास्त मुरवतात. भाजलेल्या सोयाबीनचं पीठ म्हणजे किनाको, चवीला आपल्या डाळ्याच्या पिठाच्या जवळचं. उन्हाळ्यात ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खातात, एदामामे म्हणतात. पहिल्यांदा खाल्ल्या तेव्हा मला बांधावर बसून खाल्लेले ढाळे आठवले. आणि नत्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, चिकट, वासाचं. मला वर्ष लागलं. आता शेंगदाण्याची चटणी टाकून भातावर रोज सकाळी खातो.

शाकाहारी माणसानं जपानमध्ये उपाशी राहायचं कारण नाही, फक्त स्वयंपाक स्वतः करायला हवा. घट्ट तोफूचे तुकडे तव्यावर परतून येसराच्या आमटीत सोडा. मी हे आता गावी आल्यावर मायला करून घातलं, घरच्या सोयाबीनचं तोफू करून. सोयाबीन रात्रभर भिजत घालायचं, वाटायचं, उकळून गाळायचं, लिंबू पिळून दूध फाडायचं आणि फडक्यात दाबून ठेवायचं. गल्लीतल्या चार घरांनी कृती लिहून नेली.

पाणी

अंघोळीची रीत समजून घ्या, कारण कुणाच्या घरी राहायला गेलात तर चुकाल. टबाबाहेर बसून साबण लावून अंग पूर्ण धुवायचं, मग स्वच्छ अंगानं गरम पाण्यात बसायचं. टबात साबण नाही, टॉवेल नाही. तेच पाणी घरातली सगळी माणसं एकामागून एक वापरतात, म्हणून आपली पाळी झाल्यावर पाणी सोडून द्यायचं नाही. पाहुण्याला बहुतेक पहिला मान देतात.

एका टबात 200 लिटरच्या आसपास पाणी मावतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, सुरुवातीला 10 वाघिणी. ती बातमी मी फोनवर पाहिली तेव्हा टब भरत होता. नळ बंद केला आणि बराच वेळ तिथंच उभा राहिलो. त्या दिवसापासून मी एकटा असताना टब भरत नाही, बादलीनंच अंघोळ करतो. खालच्या आजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला त्यांच्या घरी नेऊन दाखवलं: टबातलं उरलेलं पाणी त्या छोट्या पंपानं कपडे धुण्याच्या मशीनमध्ये घेतात. अशा नळीची सोय असलेली मशीनं तिथं सहज मिळतात. घर लावताना तसलंच घ्या.

कामावर

होरेन्सो हा शब्द पहिल्याच आठवड्यात कानावर पडेल. होकोकु म्हणजे काय झालं ते सांगणं, रेन्राकु म्हणजे ज्याला लागेल त्याला कळवणं, सोदान म्हणजे ठरवण्याआधी विचारणं. तिघांची पहिली अक्षरं जोडून होरेन्सो, आणि योगायोगानं त्याचा अर्थ पालक. पालकावरून लक्षात ठेवा.

माझ्या हातून एकदा एका भागाचं भोक 0.02 मिलिमीटरनं मोठं झालं. कळालं तेव्हा अकरा वाजले होते. मी विचार केला, आधी सेटिंग दुरुस्त करू, मग सांगू. तीन वाजता सांगितलं. तोपर्यंत चाळीस नग पुढच्या माणसाकडं गेले होते आणि त्यानं त्यावर आपलं काम चढवलं होतं. साहेब नगांवरून बोलले नाहीत. त्यांनी एकच विचारलं: "अकरा ते तीन, हे चार तास तुम्ही एकटे का होता?" मला त्याचं उत्तर देता आलं नाही. आपल्याकडं चूक झाली की आधी निस्तरायची, मग सांगायची, अशी घडण असते, कारण सांगितलं की बोलणी बसतात. तिथं वाईट बातमी सगळ्यांत आधी सांगणाऱ्याला विश्वासाचा माणूस समजतात.

"हाइ" म्हणजे दर वेळी "हो" नसतं. पुष्कळदा ते "ऐकतोय" असतं. कुणी "चोत्तो..." म्हणून वाक्य अर्धवट सोडलं तर तो नकार समजा आणि पुन्हा आग्रह करू नका. "विचार करून सांगतो" हाही बहुतेक वेळा नकारच. वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचा. गाडी उशिरा आली तर स्टेशनवर तसा दाखला मिळतो, तो द्या, पण उशीर होणार हे कळताच फोन केलेला असू द्या. संध्याकाळच्या पार्टीत दारू घेत नसाल तर सुरुवातीलाच सांगा आणि उलोंग चहाचा पेला उचला. मला अकरा वर्षांत कुणी आग्रह केला नाही. गावाहून परतताना सगळ्यांना वाटण्यासाठी एकेक सुटी बांधलेली मिठाई न्या. सायकल कुणाकडून जुनी घेतलीत तर तिची नोंदणी आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर रात्री पोलिसांनी थांबवल्यावर ती चोरीची नाही हे पटवत बसावं लागतं.

पैशाच्या दोन गोष्टी कुणी सांगत नाही. पहिली अशी की रहिवासी कर आदल्या वर्षाच्या कमाईवर लागतो आणि जूनपासून कापायला सुरुवात होते. पहिल्या वर्षी हातात येणारा पगार पुढच्या जूनमध्ये कमी होतो. पहिल्या वर्षाच्या पगारावर गावाकडं ट्रॅक्टरचा हप्ता बांधू नका. दुसरी घरी पैसे पाठवण्याची. आईवडिलांना सांभाळता म्हणून करात सूट मिळते, पण पैसे ज्याच्या त्याच्या नावावर गेलेले दिसले पाहिजेत. 2023 पासून 30 ते 69 वयाच्या परदेशातल्या नातेवाइकासाठी, तो अपंग किंवा जपानमधून बाहेर शिकायला गेलेला नसेल तर, वर्षाला माणशी किमान 3,80,000 येन पाठवल्याचा पुरावा लागतो. मायच्या खात्यात मायचे, आबांच्या खात्यात आबांचे. सगळे भावाच्या खात्यावर टाकले की पुरावा उरत नाही.

भाषा

घाबरू नका, मराठी माणसाला जपानी जवळची आहे. क्रियापद शेवटी येतं. आपले प्रत्यय शब्दामागं लागतात, त्यांचेही मागंच. "इकिमासु का?" म्हणजे "जाणार का?", आणि तो "का" तुमचाच "का" आहे, जागाही तीच. "सामुइ देसु ने" म्हणजे "थंडी आहे ना". त्यांची अक्षरमाला अ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशी चालते. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमालेचा अभ्यास केला त्यातून हा क्रम तिथं रुजला. निलंग्याच्या पोरीनं हे ऐकल्यावर दोन दिवसांत हिरागाना, म्हणजे त्यांची पहिली लिपी, पाठ करून दाखवली. गावोगावी नगरपालिकेकडून किंवा स्वयंसेवकांकडून जपानीचे वर्ग चालतात, नाममात्र फीवर. आठवड्याला एक संध्याकाळ त्याला द्या. शिकवायला निवृत्त माणसं येतात, आणि भाषेइतकाच त्यांचा सहवास उपयोगी पडतो.

भूकंप

इथं मी वही बंद करायला सांगितली, कारण हे नीट ऐकायचं होतं.

30 सप्टेंबर 1993. पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवले होते. मी सात वर्षांचा होतो. आबांनी मला हाताला धरून अंगणात फेकलं. आजी माळवदाखाली राहिली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मणामणाची माती, घरानंच माणसं मारली. तसा भूकंप जपानला नवा नाही, पण तिथली घरं वेगळी बांधतात. 1981 च्या जूनपासून बांधकामाचे नियम कडक झाले. म्हणून घर घेताना वर्ष विचारा, त्याच्या नंतरचंच घ्या.

आपली सवय बाहेर धावायची आहे. माझे पाय आजही दाराकडं वळतात. पण नव्या पक्क्या इमारतीत हादरे चालू असताना बाहेर पळू नका, वरून काचा आणि कौलं पडतात. टेबलाखाली शिरा, डोकं झाका. हादरे थांबले की दार उघडून ठेवा, चौकट वाकली तर अडकतं. पलंगाजवळ बूट ठेवा, कारण अंधारात फरशीवर काचा असतात. कपाटं भिंतीला आवळून टाका. गॅसचा मीटर मोठ्या हादऱ्यात आपोआप बंद होतो, तो पुन्हा चालू करायचं बटण कुठं आहे ते पहिल्याच आठवड्यात बघून ठेवा. माणशी रोजचं तीन लिटर पाणी, निदान तीन दिवसांचं, जमलं तर आठवड्याचं. जवळचा निवारा बहुतेक शाळेत असतो, तिथवर एकदा चालत जाऊन या.

बातम्यांत दोन आकडे येतात. एक भूकंपाची एकूण ताकद. दुसरा शिंदो, म्हणजे तुम्ही उभे आहात तिथं किती हललं. तो 0 ते 7 असतो, त्यात 5 आणि 6 चे कमी-जास्त असे दोन-दोन भाग. बघायचा तो शिंदो. हे घरच्यांनाही शिकवून जा, कारण इथल्या टीव्हीवर फक्त पहिला आकडा दाखवतात.

1 जानेवारी 2024 ला नोतो द्वीपकल्पात 7.6 चा भूकंप झाला, संध्याकाळी 4 वाजून 10 मिनिटांनी. आमच्याकडं दिवे बराच वेळ झुलत राहिले, बाकी काही झालं नाही. मी खाली गेलो, आजींना धरून बसवलं, पातेल्यांत पाणी भरून ठेवलं, टीव्ही लावला. फोन वर खोलीत राहिला. आपल्याकडं तेव्हा दुपारचे पावणेएक वाजत आले होते. मायनं बातमी पाहिली आणि ती अंगणात जाऊन बसली. मी पन्नास मिनिटांनी फोन केला. तोवर ती घरात गेली नव्हती, पाणीही प्यायली नव्हती. भावजय बोलत होती आणि मागून मायचा आवाज येत होता, "लेकरू बोलतंय का?"

तेव्हापासून आमचं ठरलंय. हादरा थांबला की बाकी सगळं नंतर, आधी घरच्या ग्रुपवर एक शब्द टाकायचा: बरा. जपानमधल्या जपानमध्ये फोन लागत नसतील तर 171 या आपत्तीच्या निरोप-नंबरावर तिथल्या माणसांसाठी आवाज नोंदवून ठेवायचा. माय शाळेत गेलेली नाही, पण "बरा" ही दोन अक्षरं तिला ओळखू येतात. भाच्याला मी परवा अक्कासमोर बसवून ते टाइप करायला लावलं, तिच्या फोनवर कसं दिसतं ते तिला दाखवलं. जपानची घड्याळं आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं असतात. रोजचा फोन तिथल्या रात्री साडेदहाचा ठरलाय, म्हणजे इथं सात, अक्का चुलीपासून मोकळी होते तेव्हा. काल बॅग वजनकाट्यावर ठेवली तर दोन किलो जास्त भरली. मोजे कमी केले, येसर ठेवलं.